घाटी उतरताना रेंज जाते

गेल्या दिवाळीत मेलबर्नला राहणारा माझा मावसभाऊ रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने दुचाकीवरून जायचे ठरवून आला. निघण्यापूर्वी त्याने सामानाची यादी पाठवली होती आणि तीत पंक्चरच्या साहित्याखाली 'इनरीच' असा शब्द होता, म्हणजे मोबाइलची रेंज नसेल तिथून उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे छोटे यंत्र. मी लगेच फोन केला. "दादा, बाकी काय वाटेल ते आण, पण ते यंत्र घरीच ठेवून ये." त्याला आधी ती थट्टा वाटली. ज्या देशात 406 मेगाहर्ट्झवर हाक देणारे खिशातले बीकन डोंगरात जाणारा साधा माणूसही जवळ ठेवतो आणि त्याची सरकारदरबारी नोंदणीही फुकट होते, तिथे वीस वर्षे काढलेल्या माणसाला ते यंत्र इथे बेकायदा ठरते, हे पटायला वेळ लागणारच.

आपल्याकडे उपग्रहाला संदेश पाठवणारे असे उपकरण दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. त्याला 1885च्या तार कायद्याचा आणि 1933च्या बिनतारी तार कायद्याचा आधार सांगितला जात असे, आणि आता 2023चा दूरसंचार कायदा आला तरी परवान्याची अट सुटलेली नाही. फोनमधले जीपीएस उपग्रहाचे फक्त ऐकते, म्हणून त्याला हरकत नाही. इनरीच किंवा स्पॉटसारखे यंत्र उपग्रहाशी बोलते, आणि अडचण तिथेच आहे. परदेशी प्रवाशांना अशा यंत्रासह विमानतळावर अडवल्याच्या बातम्या 2024च्या अखेरीस आल्या, तेव्हा कित्येक रायडर मित्रांना हा नियम पहिल्यांदा कळला.

हा नियम मला बरीच वर्षे निव्वळ आडमुठेपणा वाटत असे. पण दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीवरून जो रस्ता जातो, जिथे समुद्र गाडीच्या अगदी उजव्या हाताशी येतो आणि प्रत्येक जण थांबून फोटो काढतो, त्याच शेखाडीच्या किनाऱ्यावर 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स उतरले होते. पुढे 2008मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले आणि त्या कटात उपग्रह फोन वापरला गेला. हा किनारा पाहणाऱ्या यंत्रणेला असल्या यंत्राविषयी संशय का वाटतो, हे त्या वळणावर उभे राहिले की समजते. मान्य मात्र मला अजूनही पूर्ण होत नाही, कारण त्याच किनाऱ्यावरून समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारासाठी इस्रोने बनवलेले संकटसूचक यंत्र 2010पासून वापरात आहे. त्याचे बटण दाबले की संदेश उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो, आणि यंत्राच्या नव्या पिढीत तर 'तुमची हाक पोचली' असे उत्तरही होडीवर परत येते. म्हणजे बंदरापासून पन्नास मैलांवर असलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, जी सोय मिळू शकते, ती बंदरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पडलेल्या माणसाला नाही.

सड्यावर म्हटले खरे, पण सड्यावर सहसा रेंज असते. कोकणातली रेंज जाते ती खाडीकडे उतरणाऱ्या घाटीत, जिथे दोन्ही बाजूंना जांभ्याची दरड आणि डोक्यावर झाडांचे छत असते. उपग्रहाच्या यंत्राला जे मोकळे आकाश लागते, तेही नेमके तिथेच नसते. इनरीचचे संदेश ज्यांच्यामार्फत जातात ते इरिडियम कंपनीचे 66 उपग्रह सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून फिरतात. एक उपग्रह आपल्याला दहा मिनिटेसुद्धा दिसत नाही आणि मग दुसरा वर येतो, त्यामुळे झाडीतून गेलेला संदेश पोचतो खरा, पण कधीकधी बराच उशिरा. शिवाय दर दहा मिनिटांनी आपले ठिकाण कळवणारे यंत्र ताशी 40 किलोमीटरच्या वेगाला जवळजवळ सात किलोमीटरचे अंतर मोकळे सोडते, आणि आपल्या रस्त्यांवर सात किलोमीटरांत तीन वाड्या, दोन वहाळ आणि एखादी चुकीची पायवाट सहज बसते.

हे मी अनुभवावरून लिहितो आहे. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी एकटाच विजयदुर्गकडून कुणकेश्वरकडे गावातल्या रस्त्यांनी निघालो होतो. पाऊस संपला होता, पण ज्या वळणावर ऊन पोचत नाही तिथले शेवाळ ओलेच होते. पुढचे चाक सटकले, गाडी डावीकडे पडली आणि माझा पाय सामानाच्या पेटीच्या लोखंडी फ्रेमखाली अडकला. ती फ्रेम नसती तर 200 किलोंचा भार सरळ नडगीवर आला असता. इंजिन हाताने बंद करता आले, पण पेट्रोल टाकीच्या झाकणातून ठिबकत राहिले आणि त्या वासात मी सुमारे चाळीस मिनिटे तसाच पडून होतो.

फोन हँडलच्या होल्डरमध्ये होता. हात लांब केला की बोटांना आणि त्याच्यामध्ये वीतभर अंतर उरत होते. रेंज नव्हतीच, हे नंतर कळले. पण त्या चाळीस मिनिटांत मला फक्त त्या वीतभर अंतराचा राग येत होता. समजा कायद्याने मुभा असती आणि मी इनरीच विकत घेतले असते, तरी मी ते हौसेने त्याच हँडलवर लावले असते, कारण सगळे तिथेच लावतात आणि फोटोत ते छान दिसते. तेव्हापासून फोन जॅकेटच्या छातीवरच्या खिशात असतो, त्याच्या शेजारी एक शिट्टी असते, आणि रस्ता दाखवायला हँडलवर एक जुना, सिमकार्ड नसलेला फोन असतो. उद्या कायदा बदलला तर यंत्रही अंगावरच राहील, गाडीवर नाही.

मला सोडवले ते गुरे आणायला निघालेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी. "खंय लागला तुका?" असे विचारत त्यांनी आधी काठी बाजूला ठेवली, मग वाडीतून दोघांना हाका मारून आणले. गाडी उचलताना "एकटोच कित्याक फिरतंस?" हा प्रश्नही झाला. घोट्याचे हाड मोडले होते. सहा आठवड्यांत चालायला लागलो.

त्या आठवड्यांत चिपळूणच्या घरी पडल्या पडल्या वहिनींशी बोलताना जी गोष्ट ध्यानात आली, ती यंत्राहून महत्त्वाची होती. मी संध्याकाळपर्यंत घाटीतच राहिलो असतो तर घरी कुणाला काय कळले असते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "भावोजी, आम्ही रात्री जेवताना म्हटलं असतं की आज फोन नाही आला, बहुतेक दमून झोपले असतील." एसओएसचे बटण दाबल्यावर पलीकडे जे केंद्र असते, तिथले लोक आधी घरच्यांना फोन करून खात्री करतात आणि मग स्थानिक यंत्रणेला कळवतात. आमच्याकडे यंत्र नव्हते हे खरे, पण ते पलीकडचे केंद्रही नव्हते, आणि ते उभारायला कोणत्याही परवान्याची गरज नव्हती.

आता निघताना मी एक कागद लिहून फ्रिजवर लावतो. त्यावर रस्ता, मुक्काम, गाडीचा क्रमांक, रक्तगट आणि कळवण्याच्या जागा असतात. कळवण्याच्या जागा किनाऱ्याने आयत्याच दिलेल्या आहेत: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. फेरीबोटीची वाट पाहताना माणसाला दुसरे कामही नसते. प्रत्येक जेट्टीवरून मी साधा एसएमएस पाठवतो, कारण इंटरनेट लंगडत असते तिथेही तो बहुधा निघून जातो. ठरल्या वेळेनंतर दीड तास झाला की वहिनी पहिल्यांदा मला, मग पुढच्या मुक्कामाच्या घरमालकांना आणि शेवटी 112ला फोन करतात. 112 आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून लागू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र कुठलाच मनोरा नसेल तिथे तोही लागत नाही.

दादाबरोबरच्या सफरीत ही व्यवस्था एकदा नको तेव्हा चालू झाली. तवसाळला मी एसएमएस लिहिला, बोट आली म्हणून घाईत फोन खिशात घातला आणि तो पाठवायचाच राहिला. गणपतीपुळ्याला आम्ही उकडीचे मोदक खात असताना घरमालकीणबाई हातात फोन घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चिपळूणहून तुमच्या वहिनी आहेत, फार चिडल्यात." दादा हसून म्हणाला की ऑस्ट्रेलियातले केंद्र इतके बोलत नाही.

तरीही ही व्यवस्था माणूस पडल्यापासून तीन-चार तास उशिरानेच जागी होते आणि रक्त वाहत असेल तर तीन तास फार असतात. म्हणून अणुस्कुरा किंवा भुईबावडा घाट मी एकट्याने दुपारी चारनंतर उतरत नाही. उशीर झाला तर घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबतो, खाली जाणारी दुसरी दुचाकी किंवा एसटी आली की तिच्या मागे गाडी लावतो आणि तेवढा घाट तिच्या दिव्यावर नजर ठेवून उतरतो.