सोलापूरला स्प्रिंट ट्रायथलॉन : कसं झालं आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी थोडं

ट्रायथलॉन म्हटलं की लोकांना डायरेक्ट आयर्नमॅन (दिवसभर चालणारी लांबलचक ट्रायथलॉन) आठवतो, म्हणून आधीच सांगतो, हे ते नव्हे. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी पळणं. २००० च्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये जे अंतर आहे (१.५ - ४० - १० किमी) त्याच्या बरोबर निम्मं. पहिल्या नंबरवाले सोडा, आपल्यासारखे हौशी लोक साधारण दीड तासात उरकतात, कुणाला दोन तास लागतात, आणि शेवटच्याला पण मेडल तेवढंच मिळतं.

मी मूळचा सोलापूरचा, नोकरीला पुण्यात. डिसेंबरातला रविवार, इथल्या सायकलवाल्या मंडळींनी ठेवलेली छोटी रेस. शनिवारीच पोचायचं, कारण चेक-इन आणि ब्रीफिंग आदल्या संध्याकाळी असतं. कार असेल तर हायवेने इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत अडीचशे किमी, फार काही नाही. ट्रेनने सायकल न्यायची तर दोन्ही चाकं काढून बॅगेत भरा म्हणजे ती सामान वाटते, सायकल वाटत नाही, उघडी नेली की प्रत्येक जण काहीतरी विचारतो आणि टीसी तर विचारतोच. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस मात्र या कामाची नाही, ती येईपर्यंत ब्रीफिंग संपलेलं असतं. राहायला मी मामाकडे जुळे सोलापुरात. तुमचा मामा नसेल तर स्टेशनजवळ लॉज भरपूर आहेत, फक्त संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा गावात रूम पण मिळत नाही आणि रस्ते पण बंद असतात, हे तारीख बघताना लक्षात ठेवा.

मामाला फॉर्मॅट समजावून सांगितला. तो सगळं ऐकून म्हणाला, "मग पोहून झाल्यावर रिक्षा मिळत नाही का बे?"

पोहणं स्विमिंग पूलमध्येच होतं, ५० मीटरचा, म्हणजे १५ लेंथ. एका लेनमध्ये चार-पाच जण, गोल गोल फिरत पोहायचं, पुढच्याच्या पायाला हात लावला की त्याने भिंतीपाशी थांबून तुम्हाला जाऊ द्यायचं. पाणी गार म्हणजे लै गार, पुल हीटेड वगैरे नाही, आणि सकाळी सातला सोलापूरची पण थंडी लागते, उन्हाळ्याच्या ४४ डिग्रीवर जाऊ नका. वेळेच्या हिशोबाने पोहणं सगळ्यात छोटं, पण पोरं घाबरतात इथेच. गार पाण्यात पहिली उडी मारली की श्वास वर चढतो, त्यात बाजूचा सुसाट सुटतो, मग आपण पण सुटतो आणि तिसऱ्या लेंथला भिंत धरून उभे. माझ्या लेनमधला एक धिप्पाड गडी, जिमवाला, असाच उभा राहिला होता. पहिल्या दोन लेंथ लाज वाटेल इतक्या हळू मारा, आणि पाण्याखाली तोंडाने बुडबुडे सोडत श्वास पूर्ण बाहेर टाका. दम लागतो तो हवा कमी पडते म्हणून नव्हे, आतली सोडलेलीच नसते म्हणून. लेंथ मोजायला व्हॉलंटियर होते तरी आपलं आपण मोजा, त्या पोराला एका वेळी चार टोप्या बघायच्या होत्या आणि दोन एकाच रंगाच्या.

आता मुख्य मुद्दा, ट्रान्झिशन. पोहून बाहेर येऊन सायकल काढेपर्यंतचा वेळ टी-वन, सायकल ठेवून पळायला लागेपर्यंतचा टी-टू, आणि हे दोन्ही टायमिंगमध्ये धरतात, घड्याळ थांबत नाही. लोक लाखाची कार्बन सायकल घेतात आणि टी-वनमध्ये ओल्या पायात मोजा चढवत पाच मिनिटं बसतात, मला हे कळत नाही. पोहण्यात एक मिनिट कमी करायला सहा महिने घासावं लागतं, ट्रान्झिशनमध्ये तेच मिनिट दोन रविवार गच्चीवर प्रॅक्टिस केली की मिळतं, फुकट. मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बादलीतलं पाणी अंगावर ओतून घेऊन करायचो, वॉचमन बघत बसायचा.

मांडणी अशी केली. सायकल हलक्या गिअरमध्ये टाकून रॅकला. खाली जमिनीवर टॉवेल, आणि सोलापुरात येऊन टॉवेल मायक्रोफायबरचा कशाला, इथल्याच टेरी टॉवेलवर दोनदा पाय आपटले की पाय कोरडे. त्यावर बूट तोंड उघडं करून, आत थोडी टाल्कम पावडर, नाडीच्या जागी इलॅस्टिक लेस, सायकलला आणि पळायला तेच बूट. पॅडलला अडकणारे क्लीटवाले वेगळे बूट २० किमीसाठी पहिल्या रेसला तरी नकोत. हेल्मेट हँडलवर उलटं ठेवायचं, पट्टे बाहेर, आत गॉगल. नंबरचा बेल्ट, सायकलवर नंबर पाठीमागे, पळताना पुढे, नुसता फिरवायचा.

नियम दोन-तीनच आहेत पण पेनल्टी त्यांच्यावरच बसते. रॅकवरून सायकल काढायच्या आधी हेल्मेटचा बकल लागलेला पाहिजे आणि सायकल परत टांगल्यावरच तो काढायचा. ट्रान्झिशनमध्ये सायकल हातात धरून पळायचं, लाइन ओलांडल्यावरच बसायचं. सायकलवर दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा वाचवायचा नाही, दहा मीटर अंतर ठेवा नाहीतर पटकन ओव्हरटेक करा. इअरफोन नाही. एक काका टी-टूमधून हेल्मेट घालूनच पळत सुटले, पब्लिकने "काका टोपी, टोपी" करून थांबवलं.

सायकलचा रूट तुळजापूर रोड, हिप्परग्याच्या तलावाकडून पुढे आणि यू टर्न. कोजागिरीला निम्मं सोलापूर याच रस्त्याने चालत देवीला जातं, त्यामुळे इथल्या माणसाला हा रस्ता पायाने पाठ आहे. सायकलवर मात्र जाताना वारा तोंडावर येतो. थंडीत तो ईशान्येकडचा असतो आणि तलावाजवळच्या मोकळ्या पट्ट्यात काहीच आडोसा नाही. तिथे स्पीड बघू नका, गिअर हलका करा, पाय फिरते ठेवा, येताना तोच वारा पाठीवर घेऊन सगळं वसूल होतं. दुसरं म्हणजे ऊस. डिसेंबरात कारखाने जोरात, डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर डेक मोठ्याने लावून चाललेले, त्याला मागचं काही ऐकू येत नाही आणि मागची ट्रॉली झोल खाते, रस्त्यावर कांड्या पडलेल्या. बरंच अंतर ठेवून जा. आणि कडेला बाभळीचे काटे. शोल्डरच्या अगदी टोकाला चालवू नका, एक ट्यूब आणि पंप सीटखाली असू द्या. माझ्या पुढचे दोघं चाक काढून बसलेले दिसले, एकाकडे ट्यूब होती, पंप नव्हता.

शेवटच्या दोन किमीत मुद्दाम हलक्या गिअरवर भराभर पॅडल मारा, त्याने पाय पळायला थोडे तरी तयार होतात. कारण सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर पाय आपले नसतात, दुसऱ्याचे उसने आणल्यासारखे पडतात. घाबरू नका, दीड किमीपर्यंत सुटतात. याची सवय फक्त एकाच गोष्टीने होते, घरी सायकल मारून आल्या आल्या पाणी पण न पिता दहा मिनिटं पळायचं, आठवड्यातून एकदा. याला ब्रिक म्हणतात आणि हे न करता रेसला आलेले सगळे मला पळताना चालत असलेले सापडले.

पळायला अडीच किमीचे दोन लूप. साडेआठनंतर ऊन चटकतं, डिसेंबर असला तरी. दोन्ही स्टॉलवर पाणी डोक्यावर घ्या. चहाच्या गाड्यावरचे लोक एकदम जोरात, कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, एक आजोबा कन्नडमध्ये "ओडू ओडू" ओरडत होते, सोलापूर आहे शेवटी.

खाण्याचं म्हणाल तर आदल्या रात्री शेंगा चटणी, काळं तिखट कितीही बोलावलं तरी लांब राहा. सकाळी दीड तास आधी मामीने दिलेली अर्धी शेंगापोळी आणि चहा, त्यावर माझी रेस निघाली, एनर्जी जेल वगैरे काही घेतलं नाही. दीड तासाच्या कामाला जेल लागत पण नाही. रेस झाली की मग कडक भाकरी, चटणी, दही, पाहिजे तेवढं.

परतीला हुतात्मा सोलापूरहून सकाळी सकाळीच सुटते, त्यामुळे रेसच्या दिवशी तिचा उपयोग नाही, दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढा नाहीतर दुपारची गाडी बघा. आणि सायकल पॅक करताना चेनला जुनं फडकं गुंडाळून बांधा, नाहीतर डब्यात कुणाच्या तरी इरकलीला ग्रीस लागेल आणि पुण्यापर्यंत ऐकून घ्यावं लागेल.