जाई, जुई आणि मधली जाळी

जाई आणि जुई घरी आल्या तेव्हा त्या सख्ख्या बहिणी होत्या. गिनी पिगची ही जोडी देणाऱ्या गृहस्थांनी निदान तसं छातीठोकपणे सांगितलं होतं. महिन्याभरात डॉक्टरांनी एकेकीला तळहातावर उताणं धरलं, पोटाखाली बोटाने किंचित दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अभिनंदन, दोघेही मुलगे आहेत." लेकीने नावं बदलायला साफ नकार दिला. तेव्हापासून आमच्या घरात 'जाई चिडलाय', 'जुई जेवला का' अशी वाक्यं ऐकू येतात. माझ्या आईने उभा जन्म प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. ती अजूनही दर वेळी क्रियापदापाशी थांबते, मनातल्या मनात लिंग तपासते आणि मग पुढे जाते.

गिनी पिग हे नाव तरी कुठे सरळ आहे? डुकराशी संबंध नाही, आफ्रिकेतल्या गिनी देशाशीही नाही. हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू-बोलिव्हियाकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला, आणि लाडासाठी नव्हे, खाण्यासाठी. तिकडे त्याला 'कुई' म्हणतात. त्याचा आवाज ऐकला की हे नाव कुठून आलं असेल ते विचारावं लागत नाही. आपल्याकडे मात्र 'गिनी पिग' हा शब्द प्रयोगशाळेच्या दाराने आला. 'आम्हाला काय गिनी पिग समजलात?' असं म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी तो प्राणी बघितलेला नसतो.

प्रयोगांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण त्याचा आमच्या भाजीच्या खर्चाशी थेट संबंध आहे. १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिख या दोन नॉर्वेजियन संशोधकांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा खलाशांचा तो जुना रोग, स्कर्व्ही, झाला. क जीवनसत्त्व शरीरात तयार करता न येणाऱ्या मोजक्या प्राण्यांत आपण आहोत आणि हेही आहेत. त्यामुळे फ्रिजमधल्या ढोबळी मिरचीवर पहिला हक्क जाई-जुईचा. भाजी करायची तर उरलेल्याची. फ्रिजचं दार नुसतं उघडलं तरी खालून दोन शिट्ट्या एकदम सुरू होतात. प्रेशर कुकरला चढाओढ आहे आता आमच्या घरी.

पहिले तीन महिने गोडीगुलाबीचे गेले. एकाच्या पाठीवर दुसऱ्याने हनुवटी टेकवून झोपायचं, आनंद झाला की जागच्या जागी लाह्यांसारखं उडायचं. मग दोघे वयात आले. एका संध्याकाळी दिवाणाखालून खडखड असा आवाज आला. मला वाटलं पंख्यात काही अडकलं. जाई दात वाजवत होता. अंगावरचे केस फुलवलेले, कंबर डोलवत, घशातून मोटारसायकल चालू केल्यासारखी घरघर. समोर जुई जांभई दिल्यासारखा तोंड वासून. ती जांभई नसते, दात दाखवणं असतं, हे मला नंतर कळलं. पुढच्या क्षणी दोघांचा एक गोळा झाला. मी हात घालणार तेवढ्यात बायकोने टॉवेल टाकला, म्हणून माझी बोटं शाबूत आहेत. जुईच्या कानातून रक्त आलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "दोन नरांचंही जमतं पुष्कळदा. पण रक्त आलं ना? मग आता एकत्र नको."

"म्हणजे एक कुणाला तरी देऊन टाकू?"

"छे, एकटं तर मुळीच नको."

एकत्र नको आणि एकटंही नको. हे कळपात राहणारे प्राणी. एकटा पडला की खाणं कमी करतो, कोपऱ्यात बसून राहतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८पासून कायदाच आहे की गिनी पिग एकटा पाळायचा नाही. जोडीतला एक मेला तर दुसऱ्याला सोबत म्हणून तिकडे गिनी पिग भाड्याने मिळतो, अशी बातमीही वाचली होती. मला ती वाचून हसू आलं होतं. त्या रात्री दोन टोपल्यांखाली दोघांना वेगवेगळं ठेवल्यावर जे केविलवाणं संभाषण चाललं, ते ऐकून हसू ओसरलं.

उपाय निघाला तो जाळीचा. हार्डवेअरच्या दुकानात मी एक इंची जाळी मागितली तर दुकानदाराने विचारलं, "उंदरांसाठी का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं." नाक जावं, डोकं अडकू नये, हा हिशेब. दिवाण बेडरूममध्ये गेला, टीपॉय शेजाऱ्यांकडे, आणि हॉलच्या त्या कोपऱ्यात प्रत्येकी साताठ चौरस फुटांची दोन दालनं झाली. खाली एका मंडळाचा जुना फ्लेक्स अंथरला, वर मऊ पांघरुणं. पांघरूण सरकलं की एका भावी नगरसेवकाचे जोडलेले हात दिसतात. दोघांना घर वेगळं, पाण्याची बाटली वेगळी, लपायला खोकं वेगळं. गवताची चळत मात्र जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगत, म्हणजे जेवायला समोरासमोर बसता यावं.

गवत हे एक प्रकरणच आहे. यांचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला दिवसभर गवत चघळावं लागतं. बाहेरून येणारं टिमोथी गवत चांगल्या बासमतीपेक्षा महाग. लसूणघास स्वस्त, पण त्यात कॅल्शियम जास्त, वाढ पूर्ण झालेल्या गिनी पिगना रोज देऊ नये म्हणतात. मग मी देवळापाशी हार विकणाऱ्या मावशींकडून रोज दूर्वांच्या पाच जुड्या घ्यायला लागलो. घरी आणून स्वच्छ धुवायच्या, निथळायच्या आणि निम्म्या-निम्म्या वाटायच्या. आठवडाभर मावशी कौतुकाने देत राहिल्या. मग एकदा न राहवून म्हणाल्या, "काका, संकष्टी झाली की परवाच. केवढा गणपती आहे तुमचा?" खरं सांगितलं असतं तर भाव वाढला नसता, पण मान उतरला असता. मी नुसता हसलो.

जाळी लागल्यावर दोन दिवस नुसती पाहणी चालली. तिसऱ्या दिवशी दोघे जाळीला पाठ लावून झोपलेले दिसले, एक अलीकडे, एक पलीकडे, केस एकमेकांत मिसळलेले. डोळे उघडेच, कारण हे बऱ्याचदा तसेच झोपतात. एकाने उठून गवत खाल्लं की दुसऱ्याला भूक लागते. एक खोक्यात शिरला की दुसराही शिरतो. नखं कापायला जुईला बाहेर काढलं तर जाई जाळीपाशी उभा राहून एकसारखा शिट्ट्या घालतो. आणि जुई परत आला की आधी त्याच्यावर दात वाजवतो. आणखी एक खोड दोघांनाही आहे. स्वतःपुढे ढीगभर गवत असताना जाळीतून तोंड घालून पलीकडची काडी ओढायची. गवत तेच, एकाच पिशवीतलं.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा हे बघतो आणि म्हणतो, "तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना." प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचलं. लेक आता आल्या-आल्याच सांगून टाकते, "काका, ती म्हण झालीये."

माझा त्या म्हणीवर एक आक्षेप आहे. तिच्यात जाळी नाही. जमेना आणि करमेना यांच्यामध्ये काहीतरी भक्कम लागतं, ते कुणी सांगत नाही. आमच्या वाड्यात माझी आजी आणि तिची थोरली जाऊ यांच्या चुली वेगळ्या झाल्या त्या पापडाच्या पिठावरून. पीठ कुणाचं सैल होतं यावर वाड्यात शेवटपर्यंत दोन मतं राहिली. दोन स्वयंपाकघरांमध्ये एक भिंत आणि भिंतीत आरपार कोनाडा. बोलणं बंद, पण कोनाड्यातून आमटीची वाटी यायची. वाटी रिकामी परत करायची नाही हा दंडक, त्यामुळे तीच वाटी चटणी, मोरांबा, कधी चार भज्यांसकट दिवसात तीनदा फिरायची. "तिला सांग, मीठ कमी पडलंय," असं आजी मला भिंतीसमोर उभं करून सांगायची, आणि पलीकडून उत्तर माझ्या आधी यायचं, "मला ऐकू येतंय." पुढे काकांनी दुरुस्तीत तो कोनाडा बुजवायला काढला, तेव्हा दोघी जावा कित्येक वर्षांनी एका बाजूने बोलल्या. गवंड्याला चहासुद्धा मिळाला नाही.

गेल्या रविवारी जाळी धुवायला काढली. वासाने नाक भरून आलं होतं, इलाज नव्हता. लेकीने मध्ये एक पुठ्ठा धरायचा, असं ठरलं होतं. तो धरायला ती दोन मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात दोघे चालत आले आणि जाळी जिथे असते बरोबर तिथे थांबले. जमिनीवर काही नाही, नुसती पांघरुणावरची एक दबलेली रेघ. नाकाला नाक लावलं. मला वाटलं, आता होतंय बहुतेक. मग जाईची कंबर डोलायला लागली, घरघर सुरू झाली, जुईने जांभई दिली.

"बाबा, जाळी!"

ओली जाळी तशीच आणून मध्ये उभी केली. पाणी भावी नगरसेवकाच्या हातांवर ओघळलं. जाईने दोनदा दात वाजवले, अंग झटकलं आणि जाळीला टेकून पाय पसरले. जुईने मान तिरकी करून पलीकडची एक दूर्वा ओढली.