आमची वाटचाल : डीटीपीकडून ई-पुस्तकांकडे

पुण्यात आम्ही डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याची कामं घेत होतो. दिवाळी अंक, कवितासंग्रह, संस्थांच्या स्मरणिका. प्रकाशक ई-पुस्तकं मागू लागले तेव्हा ई-पब हे ई-पुस्तकांचं फाइल-स्वरूप शिकलो आणि हळूहळू तेच मुख्य काम झालं. व्यवसायाला खरं वळण दिलं ते एका ग्रंथालयाच्या निविदेतल्या अटीनं: पुस्तकं ज्या स्वरूपात द्याल त्यासाठी पुढे कुणालाही परवाना शुल्क द्यावं लागणार नाही, अशी लेखी हमी हवी.

‘ई-पब खुलं मानक आहे’ एवढं लिहून सही करणं आम्हाला पटेना. कारण ई-पब बरंचसं दुसऱ्यांच्या मानकांवर उभं आहे. मजकुराला एचटीएमएल, मांडणीला सीएसएस, आकृत्यांना एसव्हीजी, लेखक-प्रकाशकाच्या नोंदीला डब्लिन कोअर, सगळं एका फाइलीत बांधायला झिप. यातल्या प्रत्येकाचा हक्कदार वेगळा असू शकतो. शिवाय मानकाच्या मजकुरावरचा कॉपीराइट वेगळा आणि त्यातल्या तंत्रावरचं पेटंट वेगळं.

कॉपीराइटचा प्रश्न ई-पबनं चांगला सोडवला आहे. एचटीएमएलचा मजकूर उतरवून न घेता ते मूळ मानकाकडे नुसता निर्देश करतं. पण निर्देश केल्यानं पेटंट सुटत नाही. एचटीएमएल, सीएसएस ही वेबची मानकं घडवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २००४ च्या पेटंट धोरणानुसार तिथं मानक घडवणारे सदस्य आपली आवश्यक पेटंटं रॉयल्टीशिवाय वापरू देण्याचं मान्य करतात. म्हणून एचटीएमएल, सीएसएसबद्दल आम्ही निश्चिंत होतो. आवाजाचं तसं नव्हतं. ई-पबनं एमपीथ्री आणि एएसी ही दोन्ही ध्वनी-स्वरूपं स्वीकारली, पण ती आली एमपेग या ध्वनी-चित्राची मानकं घडवणाऱ्या गटाच्या घरून, आणि तिथली पेटंटं ई-पबच्या हातात नव्हती. एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, म्हणजे त्यासाठी शुल्क घेणं थांबलं. त्यानंतर बोलक्या पुस्तकांसाठी आम्ही तेच धरलं. व्हिडिओसाठी तर ई-पब कुठलंच स्वरूप सक्तीचं करत नाही, त्यामुळे त्याची हमी आम्ही देतच नाही.

भाषेच्या खुणेची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक मराठी ई-पुस्तकात ‘एमआर’ ही खूण असते, कोंकणीसाठी ‘केओके’. ही अक्षरं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ‘आयएसओ ६३९’ या भाषासंकेतांच्या मानकातली. २००३ मध्ये आयएसओच्या अशा संकेतांच्या व्यावसायिक वापरावर शुल्क लावण्याचा विचार पुढे आला होता. युनिकोड संस्थेनं आणि डब्ल्यूथ्रीसीनं हरकत घेतली आणि वापर मोफतच राहिला. तसं झालं नसतं, तर आपल्या भाषेचं नाव फाइलीत लिहिण्याचेही पैसे कुणीतरी मागितले असते! मानकाची छापील प्रत मात्र विकतच मिळते.

फॉन्टचं प्रकरण वेगळं. ई-पब ओपनटाइप फॉन्ट आत घालू देतं, पण तो अमुक फॉन्ट घालण्याचा हक्क ते देत नाही. छपाईसाठी घेतलेला फॉन्ट ई-पुस्तकात चालेलच असं नसतं, त्याचा परवाना वाचावाच लागतो. आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ वापरतो. तो ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहे, पुस्तकाबरोबर देता येतो.

आता प्रत्येक कोटेशनला आम्ही एक पान जोडतो: फाइलीत कोणकोणती मानकं आहेत, हक्क कुणाकडे, कुठल्या अटीवर. काही प्रकाशक ते न उघडताच होकार देतात. तरी फोन करून आम्ही त्यांना फॉन्ट आणि आवाज, एवढ्या दोन ओळी तरी वाचून दाखवतो.