तेविसावं देऊळ ते चोविसावं

शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या परिक्रमेत २३वं याकुओजी आणि २४वं होत्सुमिसाकिजी यांच्यात सुमारे ७५ किलोमीटरचं अंतर आहे. मधे या ८८ पैकी एकही देऊळ नाही. डावीकडे पॅसिफिक, उजवीकडे डोंगर आणि बराच वेळ पायाखाली महामार्ग ५५. जपानला दुसऱ्यांदा गेले ती हा टप्पा चालायला. पूर्ण परिक्रमा जवळपास १,२०० किलोमीटरची, पण ती तुकड्यातुकड्यांनी केली तरी चालते. आवा प्रांतातली २३ देवळं पहिल्या खेपेला झाली होती.

सामान काढताना मनात एकच होतं, पिशवीत जागा रिकामी राहिली पाहिजे. इथे यात्रेकरूला वाटेत लोक काही ना काही देतात, त्याला ओसेत्ताई म्हणतात. संत्री, भाताचे गोळे, कधी एखादं नाणं. ते नाकारायचं नसतं, कारण तुमच्या सोबत कोबो दाइशी, म्हणजे ही परिक्रमा ज्यांच्या नावाने चालते ते बौद्ध संत, चालत असतात आणि देणारा ते त्यांना देत असतो. आपल्या वारीत दिंडीचं सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जातं. इथे सगळं आपल्याच पाठीवर, आणि त्यातच लोकांच्या देण्यालाही जागा ठेवायची.

म्हणून कपड्यांचा एक जोड अंगावर, एक पिशवीत. पावसाळी जाकीट, जादा मोजे, उदबत्त्या, मेणबत्त्या, नाव-गाव लिहायच्या पांढऱ्या चिठ्ठ्या. शिवाय प्रत्येक देवळाचा शिक्का घ्यायची वही, नोक्योचो, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. रात्रीचे कपडे नाहीत, कारण मुक्कामाच्या घरी युकाता, म्हणजे सुती झगा, मिळतो आणि धुलाई यंत्रही बहुतेक ठिकाणी असतं. रोख येन मात्र पुरेसे घेतले. सगळं मिळून पाच किलोंच्या आत.

काठी मी वजनात धरत नाही. ती काठी म्हणजे खुद्द दाइशी. मुक्कामी पोचल्यावर आपले पाय नंतर, आधी काठीचं टोक धुवायचं. पुलावरून जाताना ती टेकवायची नाही, कारण दाइशींनी एकदा पुलाखाली रात्र काढली होती असं सांगतात. मी हे नियम मनापासून पाळते. घरी विठोबाच्या पायावर डोकं ठेवताना जो भाव असतो, तोच इथे असतो.

शिशिकुई ओलांडून तोसा प्रांतात शिरल्यावर एका आजींनी छोटा टेम्पो थांबवला. "ओहेनरोसान!" म्हणजे यात्रेकरू. हातात संत्र्यांची पिशवी. कुठून आलात, विचारलं. इंदो म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, ओशाकासामांच्या देशातून, म्हणजे बुद्धाच्या देशातून! मी चिठ्ठी दिली, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. संत्री सगळी पिशवीत मावली. पुढे समुद्राच्या भिंतीवर बसून खाल्ली, आणि उरलेली संध्याकाळी मुक्कामातल्या दुसऱ्या यात्रेकरूला दिली.

मुरोतो टोकाजवळ मिकुरोदो गुहा आहे. तरुण कूकाईंनी, म्हणजे पुढच्या कोबो दाइशींनी, इथे आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या मंत्राची साधना केली अशी श्रद्धा आहे. तिथून चढ चढून २४वं देऊळ, मुख्य देव तोच आकाशगर्भ. बसने आलेला यात्रेकरूंचा एक गट हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र म्हणत होता, मीही त्यांच्यात उभी राहिले. शेवटी त्यांचं "ग्याते ग्याते हारा ग्याते" आणि माझं "गते गते पारगते" एकाच ठेक्यात पडलं. गळा भरून आला, सूत्र संपल्यावरही मला हलवेना.

२५वं आणि २६वं देऊळ जवळच आहे, ती दोन्ही करून परतले. तोसात अजून १३ देवळं उरली आहेत, आणि ३७व्या-३८व्यामधलं अंतर तर ८० किलोमीटरांच्या वर आहे. पुढच्या खेपेसाठी पिशवी हीच, फक्त जपानी आणखी शिकून जायचंय. त्या आजींशी बोलायला शब्द फार कमी पडले.