तुम्ही विचारलंत म्हणून : अनामिकेचे पाच टक्के

हळदीकुंकू असो की मैफलीतलं मध्यंतर, मी विम्याचं काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सिनेमातल्या नट्या पायांचा विमा काढतात म्हणे, खरं का हो? मग आपल्या वादकांना बोटांचा काढता येईल का?" आमचं मिरज तंतुवाद्यांचं गाव, त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग इथे जास्त कळकळीने येतो. मी दरवेळी उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर देते. आज बसून देते.

हो, काढतात. बेटी ग्रेबल या अमेरिकन नटीच्या पायांचा दहा लाख डॉलरचा विमा १९४० च्या दशकात गाजला. तो काढला होता ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या तिच्या स्टुडिओने. पाय तिचे, पण पायाला काही झालं तर चित्रपट अडकणार स्टुडिओचा. ज्याचं नुकसान होणार, त्यालाच विमा काढता येतो. मूकपटांतला विनोदी नट बेन टर्पिन तिरळा होता आणि त्याच्या विम्यात म्हटलं होतं की डोळे कधी सरळ झाले, तर पैसे मिळतील. मला हे उदाहरण फार आवडतं. डॉक्टरने ज्याला दोष म्हटलं असतं, त्यावर त्याचं घर चालत होतं. अशा पॉलिसीत अवयव नावापुरता असतो, विमा कमाईचाच असतो.

हे विमे बहुतेक लंडनच्या लॉइड्समध्ये होतात. लॉइड्स ही कंपनी नव्हे, तो बाजार आहे. सतराव्या शतकात एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजमालक आणि व्यापारी जमायचे, तिथून तो वाढला. दलाल जोखीम मांडतो, एक विमा देणारा तिचा काही हिस्सा उचलतो, दुसरा आणखी काही, असं करत ती पुरी होते. ज्या वस्तूचा दर कुठल्याच तक्त्यात नाही, तिचा दर तिथे बसून ठरवता येतो. २००९ मध्ये कोस्टा या ब्रिटिश कॉफी कंपनीसाठी कॉफीची चव घेणाऱ्या जेन्नारो पेलिच्चा यांच्या जिभेचा विमा एक कोटी पौंडांचा झाला. त्याच्या आदल्या वर्षी इल्या गोर्ट या डच वाइन उत्पादकाने नाकाचा पन्नास लाख युरोंचा काढला. त्याच्या पॉलिसीत अट होती की मोटरसायकल चालवायची नाही. अशा बातम्यांत प्रसिद्धीचा वाटा मोठा असतो, हे मान्य. पण ती मोटरसायकलची अट वाचली आणि माझ्या पोटात गलबललं. का, ते सांगते.

आपल्याकडे सामान्य माणसाला मिळते ती पर्सनल अ‍ॅक्सिडेंट, म्हणजे अपघात विम्याची पॉलिसी. तिच्यात अवयवांचा छापील तक्ता असतो. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर विम्याची पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी. बोटांचे नेहमीचे दर असे : अंगठा २५ टक्के, तर्जनी १०, मधलं बोट ६, अनामिका ५, करंगळी ४. त्यातही पेरं मोजतात. अनामिकेची दोन पेरं गेली तर ४ टक्के, एक गेलं तर २.

माझ्याकडे एक तबलावादक होते. पाच लाखांची पॉलिसी मीच दिली होती. एका रविवारी मोटरसायकलचं इंजिन चालू ठेवून ते चेन पुसत होते. फडकं अडकलं, त्यामागून उजव्या हाताचं बोट गेलं. अनामिका, दोन पेरं. पाच लाखांचे ४ टक्के म्हणजे वीस हजार. कंपनीने महिन्याच्या आत चेक दिला, एका रुपयाची चूक नव्हती. मी तो घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी चेककडे पाहिलंच नाही. तबला पुढे ओढला आणि म्हणाले, "ताई, तबल्याचा 'ना' हा बोल वाजवून दाखवतो." तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर पडली आणि नुसता कोरडा टप्प आवाज आला. मग त्यांनी समजावलं, की आघात तर्जनी करते, पण अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेशी हलकी टेकलेली असते म्हणून 'ना' घुमतो. मैफलीत ते बोट कुणाच्या डोळ्यांतही भरत नाही.

तक्ता लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. तो सगळ्यांसाठी लिहिलेला आहे, आणि कारकुनाला, दुकानदाराला तो ठीकच आहे. चूक माझी होती. अर्जावर 'व्यवसाय : कलाकार' लिहून मी पुढे गेले, कुठल्या बोटावर घर चालतं हे विचारलं नाही. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची अनामिका आणि करंगळी १९२८ च्या आगीत अधू झाली, आपल्या तक्त्याने फार तर ९ टक्के. तो पुढे दोन बोटांवर जगप्रसिद्ध झाला. पण सगळ्यांना तसं जमावं, अशी अपेक्षा मी कुणाकडून करणार नाही.

तर आपल्याला काय करता येईल? नुसत्या एका बोटाची पॉलिसी इथल्या एजंटाकडे मागून मिळायची नाही. पण मूळ रक्कमच मोठी घ्या, म्हणजे तिचे पाच टक्केही उपयोगी पडतील. अपघाताने काम बंद पडलं तर दर आठवड्याला पैसे देणारा भाग असतो, तो जरूर जोडा. बँकेतली वीस रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्याच, पण ती हात, पाय, डोळे आणि मृत्यू यांच्यासाठी आहे, सुट्या बोटाला तिच्यात काही नाही. आणि गायकांनो, घशाला गाठ आली तर तो आजार आहे, अपघात नाही. अपघाताची पॉलिसी तिथे कामाची नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. विम्याची रक्कम उत्पन्नाच्या पटीत मिळते आणि उत्पन्नाचा कागद लागतो. आमच्या वादकांचं मानधन पाकिटातून येतं, शिकवणीचे पैसे रोख येतात. हातात कला आहे, कागद नाही. मग पंचवीस लाख मागितले तरी कंपनी पाचावर थांबते.

आता मी अर्ज भरण्याआधी वाद्य वाजवायला सांगते आणि बघत बसते. गेल्या महिन्यात एक सतार वाजवणारी मुलगी आली होती. उजव्या तर्जनीत तार छेडायची नखी, डाव्या हाताची पहिली दोन बोटं तारेने कापून घट्ट झालेली. तिला पंचवीस लाखांचा हिशेब मांडून दाखवला, तर्जनीला अडीच लाख. तिने वही काढून आकडे उतरवून घेतले. काल तिचा फोन आला, आयुष्यात पहिल्यांदा तिने आयकराचं विवरणपत्र भरलंय. मानधनाच्या पावत्याही मागायला लागली आहे. एका आयोजकांना राग आला म्हणे, पण पावती दिली.