वरच्या दाढांच्या फोरसेप्सची जोडी : सतरा क्रमांकाला अठरा मिळाला

माझ्या संग्रहातील वरच्या दाढांचा उजवा फोरसेप्स (दाढ काढण्याचा चिमटा), म्हणजे इंग्लिश पद्धतीचा क्रमांक १७, बराच काळ एकटाच होता. त्याचा डावा जोडीदार, क्रमांक १८, या उन्हाळ्यात निपाणीतील एका बंद झालेल्या दवाखान्याच्या सामानात मिळाला आणि पावसाला सुरुवात होण्यापूर्वी त्याचा जाम झालेला सांधाही मोकळा झाला. खालच्या दाढांचा फोरसेप्स दोन्ही बाजूंना चालतो, त्यामुळे त्याचा एक नग मिळाला की संग्रहातील ती जागा भरते. वरच्या दाढांच्या बाबतीत मात्र एक नग म्हणजे अर्धेच अवजार होय. जोडी पूर्ण झाल्याशिवाय त्याच्या घडणीमागचा विचार हातात येत नाही, असे माझे मत आहे आणि या कामानंतर ते अधिकच पक्के झाले आहे.

जोडी का लागते, हे दाढेच्या मुळांवरून स्पष्ट होते. खालच्या दाढेला साधारणपणे दोन मुळे असतात, एक पुढे आणि एक मागे. त्यामुळे त्या दोहोंमधील खाच गालाच्या बाजूलाही मिळते आणि जिभेच्या बाजूलाही. म्हणून खालच्या फोरसेप्सच्या, दाढ पकडणाऱ्या दोन्ही चोचींना मध्यभागी टोक काढलेले असते आणि तो डाव्या-उजव्या कोणत्याही दाढेला सारखाच बसतो. वरच्या दाढेला तीन मुळे असतात. त्यांपैकी दोन गालाकडे आणि तिसरे, सर्वांत दणकट, टाळूकडे पसरलेले असते. टोक शिरेल अशी खाच फक्त गालाकडच्या दोन मुळांमध्ये आहे; टाळूकडे एकच गोलसर मूळ असल्याने तेथे टोकाचा उपयोग नाही, उलट त्या मुळाला अलगद कवेत घेणारी गुळगुळीत, खोलगट चोच हवी. दोन चोची अशा वेगवेगळ्या झाल्या की डाव्या बाजूचे अवजार उजव्या बाजूला चालणार नाही, हे ओघानेच आले. अक्कलदाढेची मुळे पुष्कळदा एकमेकांना चिकटून एकच सुळका झालेला असतो, म्हणून वरच्या अक्कलदाढेसाठी असलेल्या ६७ क्रमांकाच्या फोरसेप्सच्या दोन्ही चोची बिनटोकाच्या असतात आणि तो पुन्हा दोन्ही बाजूंना चालतो.

क्रमांक पुसला गेला असेल तर डावा-उजवा ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. दांडे आपल्याकडे आणि चोचींची टोके वर, अशा स्थितीत फोरसेप्स धरावा. म्हणजे आपण रुग्णाच्या समोर उभे आहोत आणि अवजार त्याच्या वरच्या जबड्याकडे नेत आहोत. रुग्णाचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो. म्हणून टोकदार चोच आपल्या डावीकडे दिसली तर तो उजव्या दाढांचा, म्हणजे १७, आणि उजवीकडे दिसली तर डाव्या दाढांचा, म्हणजे १८. अमेरिकन पद्धतीच्या ५३ क्रमांकाच्या जोडीलाही हाच नियम लागू पडतो, फक्त तेथे बाजू दाखवण्यासाठी क्रमांकापुढे आर किंवा एल हे अक्षर असते. विक्रेत्याने कागदावर काय लिहिले आहे यावर विसंबण्यापेक्षा टोक कोणत्या बाजूला आहे ते पाहणे केव्हाही चांगले.

चोच दाढेच्या मानेला जुळली पाहिजे, ही आज साधी वाटणारी गोष्ट एकेकाळी मोठी सुधारणा होती. अठराव्या शतकात युरोपात दाढ काढण्यासाठी किल्लीसारखे अवजार वापरले जाई. त्याची आकडी दाढेवर अडकवून आणि बूड हिरडीवर टेकवून मूठ फिरवली की दाढ आडवी होऊन निघे, पण कित्येकदा तिचा माथा मोडे आणि हाडाचा तुकडाही सोबत येई. १८४० च्या सुमारास लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या जॉन टोम्स यांनी प्रत्येक प्रकारच्या दातांच्या मानेचा आकार अभ्यासून त्याप्रमाणे चोची घडवण्याची कल्पना मांडली आणि एव्हरार्ड नावाच्या अवजारकाराने ती पोलादात उतरवली. ईथरची भूल १८४६ मध्ये आली हे लक्षात घेतले तर या कामाचे मोल अधिक कळते, कारण रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना दाढ न मोडता एकदाच निघणे हे त्या काळी केवळ कौशल्याचे काम नव्हते, ती दयाही होती. माझ्या हातातील जोडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी घडलेली आहे, तरी तिच्या चोचींमध्ये तोच विचार आहे.

आता प्रत्यक्ष नगांविषयी. सतरा क्रमांकाचा फोरसेप्स मला बेळगावातच एका भंगार दुकानात मिळाला होता. त्याच्या दांड्याच्या आतल्या बाजूला इंग्लंडमधील शेफील्डचा ठसा आहे आणि निकेलचा मुलामा बहुतांश टिकून आहे. अठरा क्रमांकाच्या दांड्यावर व्यापाऱ्याचा ठसा होता, त्यातील 'बॉम्बे' एवढेच आता वाचता येते. १९५६ पर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे येथील जुन्या दवाखान्यांच्या सामानावर मुंबईचे ठसे सापडावेत यात नवल नाही. दोन्हींवर 'स्टेनलेस' हा शब्द नाही. शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी गंजरोधक पोलाद १९१३ मध्ये तयार केले आणि पुढे ते वैद्यकीय अवजारांत रुळले. तोपर्यंत साध्या कार्बन पोलादावर निकेल चढवण्याची पद्धत होती आणि ती स्टेनलेस आल्यावरही काही काळ चालू राहिली. म्हणून ठशाच्या अभावावरून मी वर्ष सांगणार नाही. लोहचुंबक लावून पोलाद ओळखण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण फोरसेप्ससाठी वापरले जाणारे कडक होणारे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते, त्यामुळे येथे ती चाचणी निरुपयोगी आहे. मुलामा उडालेल्या जागी खाली काय दिसते ते भिंगातून पाहावे. आता पाकिस्तानात असलेल्या सियालकोटचा ठसा असलेले जुने फोरसेप्सही आपल्या भागात अधूनमधून दिसतात. ठशात सियालकोटसोबत इंडिया हा शब्द असेल तर तो नग फाळणीपूर्वीचा समजायला हरकत नाही.

गंजाविषयी एक निरीक्षण येथे नोंदवून ठेवतो. आपला जिल्हा पश्चिमेला घाटमाथ्याच्या पावसात भिजतो आणि पूर्वेला अथणीकडे कोरडा होत जातो. खानापूर, जांबोटी या पट्ट्यातून आलेल्या अवजारांवर मुलाम्याखाली शिरलेला, फोड आणणारा गंज दिसतो, तर पूर्वेकडून आलेल्यांवर वरवरची तांबूस धूळ असते आणि सांधा बहुधा सुटा असतो. निपाणीचा अठरा क्रमांक या दोहोंच्या मधला होता. दांडे ठीक होते, परंतु तो चामड्याच्या गुंडाळीत ठेवलेला असल्यामुळे जेथे चामडे सांध्याला टेकले होते तेथे गंज खोल गेला होता. कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि त्यात धरून राहणारी ओल पोलादाला मारक ठरते, म्हणून गुंडाळी कितीही देखणी असली तरी ती वेगळी ठेवावी.

हा सांधा पेटीसारखा आहे, म्हणजे एका दांड्यात चीर पाडून दुसरा दांडा तिच्यातून आरपार नेलेला आहे आणि मध्ये रिव्हेट बसवलेली आहे. स्क्रूचा सांधा उघडून साफ करता येतो, हा मात्र कधीच उघडत नाही. जी काही सफाई करायची ती बाहेरूनच. जाम सांध्यावर दांड्यांनी जोर देणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण लांब दांड्यांची ताकद अनेक पटींनी सांध्यावर येते आणि रिव्हेट वाकते किंवा चिरीच्या कडेला तडा जातो. ज्योतीने तापवणेही टाळावे, त्याने पोलादाचे पाणी उतरते. मी रॉकेल आणि पातळ मशीन ऑइल यांचे मिश्रण उथळ ताटात घेऊन फोरसेप्स त्यात सांधा बुडेल असा ठेवला, अधूनमधून बाहेर काढून कढत पाण्यात धरला आणि पुसून पुन्हा तेलात सोडला. गरम झालेला सांधा गार होताना तेल आत ओढले जाते, यावर या कृतीची भिस्त आहे. सुरुवातीला हालचाल डोळ्यांना न दिसण्याइतकी, फक्त बोटांना जाणवण्याइतकी होती. मग चिरीतून काळसर चिखल बाहेर येऊ लागला. तो बांबूच्या टोकदार काडीने काढत, सांधा धूत आणि पुन्हा तेल देत राहिलो, आणि बाहेर येणारे तेल स्वच्छ दिसू लागले तेव्हाच दांडे पूर्ण उघडले. आता सांधा मऊ चालतो आणि त्यात आडवी ढिलाई नाही. ती असती तरी मी रिव्हेट ठोकून घट्ट केली नसती, कारण मूळ कारागिराने बसवलेली रिव्हेट हा त्या अवजाराच्या इतिहासाचा भाग आहे.

पृष्ठभागावर मी पॉलिशचे चाक लावले नाही. चाकाने निकेलचा उरलेला थर आणि पुसट ठसे दोन्ही जातात. मुलामा शाबूत असलेल्या जागा तेलाच्या फडक्याने पुसल्या. जेथे मुलामा उडून खड्डे पडले आहेत तेथे हिरड्याचे पाणी वापरले. आपल्या जंगलपट्ट्यातील बाळहिरडा नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या हिरडा फळाची साल कुटून गरम पाण्यात रात्रभर ठेवायची आणि गाळलेले पाणी बारीक कुंचल्याने केवळ खड्ड्यांत भरायचे. त्यातील टॅनिनची गंजाशी क्रिया होऊन निळसर काळा, स्थिर थर तयार होतो. जुनी काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून होत असे, तिच्यातही हीच क्रिया आहे. त्याआधी ॲसिटोनने तेलाचा अंश पूर्ण काढणे आवश्यक आहे, नाहीतर पाणी पृष्ठभागाला धरत नाही, थेंब होऊन राहते आणि डाग पडतात. वाळल्यावर मेणाचा पातळ हात दिला.

माझ्या दृष्टीने या कामातील खरा आनंद चोचींच्या तपासणीत होता. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम केल्यामुळे मला मोजमापाची सवय आहे, तिचा येथे उपयोग झाला. वरच्या पहिल्या दाढेची मान गालापासून टाळूपर्यंत साधारण १० मिलिमीटर असते. म्हणून १० मिलिमीटर व्यासाची डॉवेल पिन, म्हणजे अचूक मापाची पोलादी खुंटी, चोचींमध्ये धरून दोन्ही फोरसेप्सच्या दांड्यांच्या टोकांमधील अंतर व्हर्निअरने मोजले. अठरा क्रमांकाचे अंतर सतरापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर जास्त आले, म्हणजे दोन्ही एकाच कारखान्याचे नसावेत, किंवा एकाच्या चोची वापराने झिजल्या आहेत. त्यानंतर ओळखीच्या एका दंतवैद्यांनी दिलेल्या वरच्या जबड्याच्या प्लास्टरच्या नमुन्यावर काम केले. हिरडी आणि हाड कोरून काढून त्यात मुळांची खाच उघडी केलेली आहे. चोचींच्या आतल्या बाजूला मार्किंग ब्लू (स्पर्शाच्या खुणा उमटवणारा निळा रंग) लावून दाढ धरली की स्पर्श कोठे होतो ते निळ्या खुणांवरून कळते. चांगल्या चोचीचा स्पर्श कडांवर आणि टोकापाशी उमटतो, मधला खोलगट भाग दाढेच्या माथ्याला लागत नाही. दाढ ओढून काढायची नसते. चोच आधी मुळांच्या दिशेने आत दाबली जाते आणि मग दाढ मुख्यतः गालाकडे झुकवत सॉकेट, म्हणजे हाडातील मुळांची खोबण, रुंद केले जाते, कारण गालाकडचे हाड टाळूकडच्या हाडापेक्षा पातळ असते. माथ्यावर भार आला तर पोकळ दाढ तेथेच फुटेल. सतरा क्रमांकाच्या खुणा अगदी जागेवर उमटल्या. अठरा क्रमांकाच्या टोकाची धार किंचित बोथट आहे, तरी टोक खाचेत नीट बसते.

याच काळात मला आणखी एक उजवा फोरसेप्स दाखवण्यात आला होता. तो चकचकीत होता, ठसा स्पष्ट होता आणि किंमतही वाजवी होती, पण टोकदार चोच कोणीतरी ग्राइंडरवर घासून गोल केली होती. तो मी घेतला नाही. टोक गेले की वरच्या दाढेचा फोरसेप्स उरतच नाही, आणि नवे टोक काढण्याइतके पोलादही तेथे शिल्लक नसते. मुलामा गेलेला, गंजलेला, ठसा नसलेला नग मी आनंदाने घेईन, परंतु घासलेली चोच नको.

दोन्ही फोरसेप्स आता चामड्याऐवजी गंजरोधक कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवले आहेत, आणि पावसाळ्यात पुड्या गरम करून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. ही अवजारे केवळ अभ्यासाची आहेत. खड्डे पडलेला पृष्ठभाग आणि न उघडणारा सांधा खात्रीने निर्जंतुक करता येत नाही, म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी ती कोणाच्या तोंडात जाऊ नयेत. तसेच चोच तपासण्यासाठी काढलेल्या खऱ्या दाढा मागू नयेत. त्या जैववैद्यकीय कचऱ्यात मोडतात आणि प्लास्टरचा नमुना त्या कामाला पुरेसा आहे.

पुढचा शोध अमेरिकन पद्धतीच्या ८८ क्रमांकाच्या जोडीचा आहे. तिची गालाकडची चोच एकाच लांब सुळक्याची आणि टाळूकडची दुभंगलेली असते, म्हणजे सुळका खाचेत शिरतो आणि दुभंगलेली चोच टाळूकडच्या मुळाच्या दोन्ही अंगांना बसते. माथा फार किडलेल्या दाढेसाठी ती बनवलेली आहे. तोपर्यंत ज्यांच्याकडे एकाच कारखान्याची १७ आणि १८ ची अस्सल जोडी आहे त्यांनी १० मिलिमीटरची पिन चोचींमध्ये धरून दांड्यांच्या टोकांमधील अंतर मोजून कळवावे, म्हणजे माझ्या दोन नगांतील तीन मिलिमीटरचा फरक झिजेचा आहे की घडणीचा, याचा निर्णय करता येईल.