फाटक पडलंय!

फाटक पडलं की लोक आधी घड्याळ बघतात, मग मोबाइल. मी गाडी बंद करतो, हेल्मेट आरशाला अडकवतो आणि रुळांकडे तोंड करून उभा राहतो. आमच्या वर्धा-बल्लारशा मार्गावर एक्सप्रेस गाड्यांचं मला फारसं कौतुक नाही. त्यांचं वेळापत्रक छापलेलं असतं; उशीर किती, एवढंच काय ते कळायचं राहतं. मालगाडी कधी येईल, काय घेऊन येईल, कुठे निघाली असेल, कशाचाच पत्ता नसतो. बघावी तर मालगाडीच.

ती येण्याआधी सिग्नल बघायचा. फाटकाच्या सिग्नलच्या खांबावर पिवळी गोल पाटी असते, तिच्यावर काळा इंग्रजी ‘जी’. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय हा सिग्नल लाल सोडत नाही. गाडी येतेय म्हणून फाटक बंद करतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पण फाटक बंद झालं म्हणूनच गाडी येऊ शकते, हेही तितकंच खरं. सिग्नल लालच राहिला तर ड्रायव्हरने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग शिट्टी देत, जपून फाटकापर्यंत यायचं, असा नियम आहे. म्हणजे दांड्याखाली एखादी रिक्षा अडकली की तिच्यापायी जवळपास चार हजार टन कोळसा खोळंबतो. दांड्याखालून मान वाकवून स्कूटर घालणाऱ्या काकांना हे सांगायची माझी फार इच्छा आहे, पण ते थांबतात कुठे!

आमच्याकडे कोळसाच जास्त. माजरी, घुग्गुस, वणीच्या खाणी जवळ, चंद्रपूरचं वीजकेंद्रही जवळ. मधूनच सिमेंटचे बंद डबे, तेलाच्या टाक्या, कंटेनर. नवखा माणूस डबे मोजतो. कोळशाची गाडी साधारण ५८-५९ डब्यांची, एकदा कळलं की मोजण्यात काय मजा? मजा वाचण्यात आहे. प्रत्येक वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, अंगावर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे तिचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे आणि त्यापुढचे दोन जन्मसाल. तिथे १२ दिसलं की बाई २०१२ च्या. गाडी रमतगमत चालली असेल तरच हे जमतं; वेगात असली तर नुसता पांढरा पट्टा पळतो आणि डोळे दुखून येतात. मग निदान इंजिनावरचं शेडचं, म्हणजे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नाव टिपायचं: अजनी, भुसावळ, गोमोह. गोमोह झारखंडातलं. तिथलं इंजिन आमच्या तुरीच्या शेताकडेने जाताना पाहिलं की मला उगाच पाहुणा आल्यासारखं वाटतं. मधेपुऱ्यात बनलेलं १२ हजार अश्वशक्तीचं जोड-इंजिन आलं, तर त्या दिवशी घरी सांगण्यासारखी बातमी असते. घरचे ऐकून घेतात, एवढंच.

गेटमनला मात्र गाडी ओळखायला बघावंही लागत नाही. एकदा त्याने पाठमोरा असतानाच सांगितलं, “खाली हाये भाऊ, लवकर जाते.” रिकाम्या डब्यांचे पत्रे आणि दारं खडखडत येतात, भरलेली गाडी जमीन दाबत येते. चाकाचा एखादा भाग घासून सपाट झाला असेल, तर त्या गोंगाटातही ठण्-ठण् वेगळं ऐकू येतं. हे ओळखायला मी त्याच्याकडूनच शिकलो.

हिरवी झेंडी धरून उभा असला तरी त्याचं खरं लक्ष शेपटाकडे असतं. शेवटच्या डब्यावरची खूण दिसली नाही, तर गाडी मध्येच तुटून काही डबे मागे राहिले असायची शक्यता; लगेच स्टेशनला कळवावं लागतं. खूण दिसली की गार्डाला हात करून तो दांडे उचलायला वळतो.

तोवर दोन्ही बाजूंच्या मंडळींनी अख्खा रस्ता अडवून ठेवलेला असतो, डावी-उजवी दोन्ही. दांडा वर जातो, सगळे एकदम हॉर्न वाजवतात आणि कुणीच जागचं हलत नाही. मी हेल्मेट घालायची घाई करत नाही. तेवढ्यात दुसऱ्या बाजूची गाडी आली, तर फाटक पुन्हा पडायचं.